सुरांना चेहरा देणारी दख्खन : निजामशाहीच्या काळातील रागमाला चित्रांची कथा

१/ निजामशाही म्हटली की डोळ्यांपुढे रणांगणे उभी राहतात. १५६५ ची तालिकोटची लढाई, १५९५-९६ मध्ये चांदबिबीने लढविलेला अहमदनगरचा किल्ला, मलिक अंबराचा गनिमी कावा, शहाजीराजांची धडपड. परंतु याच राज्याच्या छायेत, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, काही अनामिक चित्रकार एक अवघड काम करीत होते. कानांनी ऐकलेल्या गाण्यातील भावना ते डोळ्यांना दिसेल अशी रंगवीत होते. त्या चित्रांना 'रागमाला' म्हणतात. तलवारीच्या इतिहासात हरवून गेलेल्या एका भावविश्वाचा हा इतिहास.

२/ रागमाला म्हणजे रागांची माळ. एका चित्रसंचात प्रत्येक रागासाठी एक पान असते. पानाच्या वरच्या पट्टीत त्या रागाचे वर्णन करणारा श्लोक आणि खाली त्या वर्णनाचे चित्र. चित्रात सुरांची लिपी नसते. कोणता स्वर चढतो, कोणता उतरतो, हे तेथे कोठेही सांगितलेले नसते. दिसतात ती माणसे. कोणी झोपाळ्यावर बसले आहे, कोणी वनात वीणा वाजवीत आहे, कोणी दाराशी वाट पाहत आहे. राग ऐकताना मनात जी अवस्था निर्माण होते, ती अवस्था जगणारा माणूस चित्रात आणून बसविलेला असतो.

३/ ही कल्पना आली कोठून? १६०९ साली सोमनाथ या संगीतशास्त्रज्ञाने 'रागविबोध' हा ग्रंथ लिहिला. त्यात रागाची दोन रूपे सांगितली आहेत. एक नादमय रूप, म्हणजे स्वरांनी बनलेले, कानाला कळणारे. दुसरे देवमय रूप, म्हणजे ध्यानात आणावयाची मूर्ती. गायकाने गाण्यापूर्वी रागाच्या मूर्तीचे मनात ध्यान करावे, म्हणजे तो राग गाण्यात प्रकट होतो, अशी ही श्रद्धा. म्हणून या वर्णनांना 'ध्यानश्लोक' असे नाव पडले. रागमालेचा चित्रकार या दुसऱ्या रूपाचा चित्रकार होय.

४/ या विचाराच्या पूर्वतयारीत महाराष्ट्राच्या भूमीचा मोठा वाटा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव हा विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. स्वतः तो दरबारात हिशेबाच्या वरिष्ठ अधिकारपदावर होता. त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीताचा आधारग्रंथ ठरला. त्यात २६४ रागांची गणना आहे. अनेक रागांची देवता कोणती, रस कोणता, ऋतू कोणता, प्रहर कोणता, हेही त्यात नोंदविले आहे. स्वर आणि भाव यांची गाठ येथे शास्त्राने बांधली. रागाला शरीर मात्र अजून मिळाले नव्हते.

५/ ते शरीर पुढच्या शतकात मिळाले. १३५० साली सुधाकलश या जैन पंडिताने 'संगीतोपनिषत्सारोद्धार' या ग्रंथात रागांची मूर्तिरूपे वर्णिली. ती देवळातील मूर्तींसारखी आहेत. अनेक हात, हातांत आयुधे, बसावयास वाहन. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेतील एका 'कल्पसूत्र' पोथीच्या समासांत रागांच्या अशा छोट्या आकृती रंगविल्या गेल्या. ज्ञात रागचित्रांतील ही अगदी आरंभीची होत. देव आहेत, रंग आहेत, नावे आहेत. मात्र या मूर्तींना अजून हुरहूर ठाऊक नाही.

६/ देवाचा माणूस झाला तो काव्याच्या हातून. इ. स. १५०० च्या सुमारास भानुदत्त कवीने 'रसमंजरी' रचली. प्रियकराची वाट पाहणारी, रुसलेली, फसवली गेलेली, अंधारात संकेतस्थळी निघालेली, अशा नायिकांचे त्यात बारकाईने वर्गीकरण आहे. या ग्रंथात 'निजाम' नावाच्या राजाचा उल्लेख येतो. जुन्या टीकाकाराने तो देवगिरीचा राजा असल्याचे सांगितले आहे, आणि हा राजा म्हणजे अहमदनगरचा निजामशहा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रेमाच्या अवस्थांचे हे शास्त्र आणि रागांचे शास्त्र एकमेकांत मिसळले, तेव्हा रागाच्या मूर्तीला माणसाचा चेहरा आला.

७/ या भूमीला ही भाषा नवी नव्हती. हालाच्या नावाने प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती' ही महाराष्ट्री प्राकृतातील गाथांची माळ. गोदावरीकाठच्या गावांतील विरह, चोरटी भेट, सासुरवास, पावसाळ्यात न परतलेला नवरा, हे सारे तिच्यात दोन-दोन ओळींत मावले आहे. एक प्रसंग, एक क्षण, एक भाव. पुढील काळातील ध्यानश्लोकांची घडण नेमकी अशीच आहे. त्यांत कथा सांगितलेली नसते. कथेतील एकच क्षण धरून ठेवलेला असतो.

८/ मग रागांची कुटुंबे झाली. सहा मुख्य राग, प्रत्येकाच्या पाच रागिणी, म्हणजे भार्या, असा एकूण छत्तीसांचा हिशेब फार लोकप्रिय झाला. काही पंडितांनी त्यांत रागांचे पुत्रही घातले. १५७० च्या सुमारास मेषकर्णाने रचलेल्या 'रागमाला' ग्रंथात हा परिवार ८० च्या पुढे जातो. हे नाते स्वरांच्या साम्यावर आधारलेले होतेच असे नाही. परंतु चित्रकारासाठी ही मांडणी सोयीची ठरली. किती पाने करावयाची, कोणाच्या मागे कोण येणार, हे ठरून गेले आणि मुरक्का म्हणजे चित्रसंग्रह बांधता येऊ लागला.

९/ खानदेशाचाही यात सहभाग आहे. पुंडरीक विठ्ठल हा कर्नाटकातील सातनूरचा पंडित. तो बुऱ्हाणपूरला फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास आला आणि तेथे त्याने 'सद्रागचंद्रोदय' लिहिला. पुढे तो उत्तरेत कछवाहा राजपुतांच्या आश्रयास गेला. १५७६ साली त्याने 'रागमाला' नावाचा ग्रंथ रचला आणि त्यात रागांची वर्णने पुरुष, स्त्री व पुत्र अशा रूपांत केली. दक्षिणेचा स्वरविचार आणि उत्तरेचा गायनव्यवहार यांचा मेळ घालणारा हा माणूस तापीकाठी वावरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दख्खन हा त्या काळी विचारांचा चव्हाटा होता.

१०/ आता अहमदनगराकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगराकडे वळू. मलिक अहमदाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापिले आणि १४९४ मध्ये या शहराचा पाया घातला. राजघराणे मुसलमान, दरबारी भाषा फारसी. गावगाड्याचा कारभार मात्र मराठी माणसांच्या हाती. संस्कृत विद्येलाही येथे आश्रय होता. 'नृसिंहप्रसाद' हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ लिहिणारा दलपतिराज हा निजामशाहीचाच अधिकारी होता. इराणी धर्तीची चित्रकला आणि संस्कृत श्लोक एकाच कागदावर येण्यासाठी जे वातावरण लागते, ते येथे तयार होते.

११/ या राज्यातील चित्रकलेचा एक पक्का पुरावा पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही फारसी काव्याची सचित्र पोथी जतन केलेली आहे. आफताबी या कवीने हुसेन निजामशहा, त्याची राणी खुंजा हुमायूं आणि तालिकोटचा विजय यांचे त्यात गुणगान केले आहे. पोथी १५६५ नंतरच्या चार-पाच वर्षांतील. तिच्यातील स्त्रिया पाहाव्यात. उंच बांधा, घट्ट चोळी, पाठीवर लांब वेणी, नेसणीचा डौलदार पदर. फारसी काव्याच्या पोथीतील या स्त्रिया इराणी नाहीत, दख्खनी आहेत.

१२/ या पोथीत एक जखमही आहे. हुसेनशहाच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने खुंजा हुमायूंने राज्यकारभार पाहिला. काही वर्षांतच मुलाने आईला सत्तेवरून दूर केले आणि कैदेत टाकले. पोथीत राजाच्या शेजारी बसलेल्या राणीची आकृती बहुतेक चित्रांतून पुसून टाकलेली आहे. शब्दांत तिच्या सौंदर्याची स्तुती, चित्रात तिच्या जागी डाग. दरबारी चित्रात स्त्रीला जागा देणे हा राजकारणाचा प्रश्न होता. हा डाग लक्षात ठेवून पुढील पाने पाहावीत, कारण रागमालेत स्त्री चित्राच्या केंद्रस्थानी येते आणि तेथून तिला कोणी हटवीत नाही.

१३/ सोळाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतील काही मोठ्या आकाराची रागमाला पाने आज उपलब्ध आहेत. वस्तुसंग्रहालये त्यांना 'उत्तर दख्खन' किंवा 'अहमदनगर' शैली म्हणतात. वरच्या पट्टीत देवनागरीत संस्कृत श्लोक. खाली सपाट, धगधगीत रंगांची पार्श्वभूमी. त्यावर लांब डोळ्यांच्या, लांब बोटांच्या स्त्रिया, फुललेली झाडे, ताडामाडांचे उंच बुंधे. वाऱ्याने फुललेले पदर टोकाशी अणकुचीदार होतात. सोनेरी वेलबुट्टी आणि मोजका बारीक तपशील इराणी परंपरेची आठवण देतो. रंगांचा धीटपणा मात्र इथल्या मातीचा आहे.

१४/ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील हिंदोल रागाचे पान प्रसिद्ध आहे. हिंदोल म्हणजे झोका. वसंत ऋतूचा हा राग. झोपाळ्यावर बसलेला नायक आणि त्याच्याभोवती स्त्रिया, असे हे दृश्य. पुढील काळातील 'संगीतदर्पण' ग्रंथातही हिंदोलाचे वर्णन स्त्रियांनी हळूहळू हलविलेल्या झोक्यावर रमलेला, पारव्याच्या कांतीचा पुरुष असेच येते. म्हणजे श्लोकांची भाषा बदलली तरी मूळ प्रतिमा टिकून राहिली. गाण्यातील आंदोलनाला चित्रकाराने झोक्याचे रूप दिले. झोका डोळ्यांना दिसतो आणि त्याची लय मनाला जाणवते.

१५/ भाव रंगविण्याची या चित्रकारांची रीत समजून घेण्यासारखी आहे. चेहरे बहुधा बाजूने दाखविलेले आणि जवळजवळ निर्विकार असतात. डोळ्यांत अश्रू नाहीत, ओठांवर हसू नाही. मग भाव दिसतो कोठे? तो भोवतालात सांडलेला असतो. लाल पार्श्वभूमीत उत्कटता, आभाळाच्या काळसर पट्ट्यात पावसाची चाहूल, जोडीने बसलेल्या पक्ष्यांत एकटीचे एकटेपण, रिकाम्या शय्येत न आलेला माणूस. नट रडत नाही आणि प्रेक्षक रडतो, अशी ही रीत. रसशास्त्राने ज्याला उद्दीपन विभाव म्हटले, त्याची ही रंगांतील अंमलबजावणी होय.

१६/ रागमालेतील सर्वांत विलक्षण प्रतिमा धनाश्री रागिणीची. भारतभरच्या रागमालांत ती पुन्हा पुन्हा येते. दूर्वांसारख्या सावळ्या अंगाची एक विरहिणी हातात फलक घेऊन बसली आहे आणि गावाला गेलेल्या प्रियकराचे चित्र काढीत आहे. अश्रू वाहत आहेत, परंतु हात थांबत नाही. गाण्यातील विरहाचे चित्र काढावयास बसलेला चित्रकार येथे विरहात चित्र काढणारी स्त्री रंगवितो. जे जवळ नाही, ते रेषांनी जवळ आणणे, हे तिचे काम आणि त्याचेही तेच. रागमाला म्हणजे काय, याचे उत्तर या एका पानात मिळते.

१७/ इतर रागांचीही अशीच ओळख ठरून गेलेली आहे :
तोडी – वनात वीणा वाजविणारी एकटी स्त्री आणि सुरांनी ओढले गेलेले हरिण.
ललित – पहाटे झोपलेल्या प्रियेला सोडून निघालेला पुरुष.
विभास – आरवून रात्र संपविणाऱ्या कोंबड्यावर बाण रोखणारा प्रेमिक.
आसावरी – डोंगरातील सापांची संगत लाभलेली सावळी स्त्री.
भैरवी – सरोवरातील मंदिरात शिवाची पूजा करणारी उपासिका.
मेघ – पावसात नाचणारा कृष्ण.
कोंबड्यावर रागावलेला प्रेमिक पाहून हसू येते. पण पहाट कोणालाच थांबवता येत नाही, हे दुःख त्या हसण्यातच दडलेले आहे.

१८/ ही दख्खनी पाने कोणी रंगविली? चित्रकारांची नावे मिळत नाहीत. त्याच काळात उत्तरेत वेगळे चित्र दिसते. काशीजवळच्या चुनार येथे १५९१ साली पूर्ण झालेल्या रागमालेवर चित्रकारांनी आपली नावे आणि आपल्या मोगल उस्तादांची नावे फारसीत लिहून ठेवली आहेत. मेवाडातील चावंड येथे १६०५ साली निसारदी म्हणजे नसिरुद्दीन या चित्रकाराने केलेली रागमाला त्याच्या नावाने ओळखली जाते. दख्खनच्या पानांना मात्र ना कर्ता, ना तारीख, ना आश्रयदात्याचे नाव. ओळख पटवावयाची ती चेहऱ्यांवरून, पदरांवरून, झाडांवरून.

१९/ म्हणूनच ही पाने नेमक्या कोणत्या गावी तयार झाली, यावर दीर्घकाळ वाद आहे. अहमदनगर, वऱ्हाड, विजापूर अशी वेगवेगळी ठिकाणे सुचविली गेली. हर्मन गोएट्झ यांनी बिकानेरच्या कलेवर लिहिताना यांतील काही पानांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, तर मार्क झेब्रोव्स्की यांच्या १९८३ मधील दख्खनी चित्रकलेवरील ग्रंथाने या चर्चेला नवे वळण दिले. वऱ्हाड १५७४ पासून निजामशाहीतच होता, त्यामुळे सीमारेषा तशाही पुसट आहेत. 'तारीफ'मधील स्त्रियांशी या पानांचे असलेले साम्य अहमदनगराच्या बाजूने बोलते. संस्कृत श्लोकांमुळे, आश्रयदाता दरबारातील एखादा हिंदू सरदार असावा, असाही तर्क केला जातो.

२०/ शेजारच्या विजापुरात याच सुमारास संगीताचे वेड सिंहासनावर बसले होते. चांदबिबीने ज्याचे पालकत्व सांभाळले, तो इब्राहिम आदिलशहा दुसरा स्वतः वीणेचा व गायनाचा उपासक. त्याने दख्खनी भाषेत 'किताब-इ-नौरस' रचली. तिच्यातील गीते रागांनुसार लावलेली आहेत आणि आरंभी सरस्वती व गणपती यांचे स्मरण आहे. नऊ रस ही संकल्पना त्याला इतकी प्रिय होती की त्याने वसविलेल्या नगराचे नावही 'नौरसपूर' ठेवले. राग, रस आणि रूप यांचे नाते हा त्या काळच्या दख्खनचा सामाईक ध्यास होता, धर्माच्या भिंती ओलांडून गेलेला.

२१/ मग युद्ध आले. १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला आणि चांदबिबी मारली गेली. मलिक अंबराने राज्य आणखी पाव शतक तगवले. १६३३ मध्ये दौलताबाद गेले आणि १६३६ मध्ये निजामशाही इतिहासजमा झाली. राज्य बुडते तेव्हा ग्रंथालये आणि चित्रसंग्रह फुटतात. कागद जळतो, भिजतो, विकला जातो. छत्तीस पानांच्या माळेतील मणी असे विखुरले. आज जी पाने हाताशी आहेत, ती तुटलेल्या माळांतील उरलेले मणी होत.

२२/ काही मणी वाचले ते शत्रुपक्षाच्या सरदारांमुळे. मोगलांच्या वतीने दख्खनमध्ये लढावयास आलेले बिकानेरचे राजे येथे पिढ्यान्पिढ्या राहिले. राजा करणसिंहाने औरंगाबादजवळ करणपुरा वसविला. त्याचा पुत्र अनुपसिंह मोठा ग्रंथसंग्राहक. दक्षिणेतील मोहिमांत त्याने पोथ्या आणि चित्रे गोळा करून बिकानेरला नेली. त्याच्या आश्रयास भावभट्ट हा संगीतशास्त्रज्ञही होता. उत्तर दख्खनच्या रागमालेतील काही पाने बिकानेरच्या राजसंग्रहातूनच पुढे प्रकाशात आली. मराठी मुलखाच्या भावनांचा एक दस्तऐवज वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकून राहिला.

२३/ परंपरा मात्र खंडित झाली नाही. १६५० साली औरंगाबाद येथे भानुदत्ताच्या 'रसमंजरी'ची सचित्र प्रत तयार झाली. आश्रयदाता मेवाडी राजपूत, स्थळ मराठवाडा. अठराव्या शतकात हैदराबादच्या निजामाच्या प्रदेशात रागमाला मोठ्या प्रमाणात रंगविल्या गेल्या. १७८४-८५ मध्ये हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या रिचर्ड जॉन्सनच्या संग्रहातील रागमाला आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तोवर या चित्रांचे ठराविक साचे बनले होते. सोळाव्या शतकातील पानांमधील धग त्यांत क्वचितच आढळते.

२४/ येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो एका मराठी माणसानेच ठामपणे मांडला. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी जुने संगीतग्रंथ शोधण्यासाठी देशभर प्रवास केला, पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली. राग-रागिणी-पुत्र ही मांडणी त्यांनी प्रचलित गायनाला निरुपयोगी ठरविली आणि दहा थाटांची व्यवस्था पुढे आणली. रागाची मूर्ती कशी दिसते हे सांगितल्याने तो कोणत्या स्वरांत गावा हे कळत नाही, हा आक्षेप बिनतोड आहे. शिवाय चारशे वर्षांत अनेक रागांचे स्वर बदलले, नावे मात्र तीच राहिली.

२५/ मग ही चित्रे खोटी ठरतात का? येथे चित्रकाराची बाजू नीट ऐकली पाहिजे. तो गवयासमोर बसून सूर टिपत नव्हता. त्याच्या हाती श्लोक होता. गाण्याने मनात जे जागवले ते कवीने शब्दांत बांधले, आणि कवीने बांधलेले चित्रकाराने रंगांत मोकळे केले. सूर ते शब्द, शब्द ते रंग, असा हा दोन मुक्कामांचा प्रवास. वाटेत स्वर गळून पडले, हे खरेच. शेवटच्या मुक्कामी पोहोचली ती भावना. सोमनाथाच्या भाषेत सांगावयाचे तर भातखंड्यांनी नादमय रूपाची चौकशी केली. चित्रकाराने तिची जबाबदारी कधी घेतलीच नव्हती.

२६/ इतिहासाच्या दृष्टीने या गळतीचे मोल मोठे आहे. अहमदनगरच्या महालांत १५९० साली हिंदोल कसा गायिला जात होता, हे आज कोणीही गाऊन दाखवू शकत नाही. ते आवाज त्या पिढीबरोबर गेले. पण तो राग ऐकताना त्या काळच्या रसिकाला काय वाटावे अशी अपेक्षा होती, हे मात्र कागदावर उरले आहे. तवारिखा सांगतात की कोण कोठे लढले. रागमाला सांगते की लढायांच्या मधल्या दिवसांत लोक कशासाठी व्याकूळ होत. इतिहासाला या दोन्ही साक्षी हव्यात.

२७/ रागमालेचे चित्र पुढे आले तर ते असे वाचावे :
▪ आभाळ पाहावे. पहाट, दुपार, सांज की मध्यरात्र? रागाचा प्रहर तेथे असतो.
▪ झाडे पाहावीत. मोहर, पाऊस की पानगळ? ऋतू कळतो.
▪ पशुपक्षी पाहावेत. मोर, हरिण, साप, कोंबडा ही रागाची खूण असते.
▪ आणि शेवटी, चित्रात कोण नाही ते शोधावे. बहुतेक वेळा राग त्या गैरहजर माणसाचाच असतो.
राष्ट्रीय संग्रहालयातील दख्खनी पाने किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील विविध शैलींची रागमाला चित्रे या रीतीने पाहिली तर ती बोलू लागतात.

२८/ 'तारीफ'च्या पोथीतील राणी पुसली गेली, कारण ती सत्तेच्या शेजारी बसली होती. रागिणी पुसली गेली नाही, कारण तिच्या शेजारची जागा रिकामीच होती. तिचे राज्य गेले, तिचा चित्रकार अनामिक राहिला, ज्या सुरांतून ती जन्मली तेही बदलले. तरी लाल पार्श्वभूमीवर पदर वाऱ्यावर सोडून ती अजून उभी आहे, न आलेल्या कोणाची तरी वाट पाहत. निजामशाहीचा इतिहास सांगताना किल्ल्यांच्या आणि लढायांच्या यादीत तिचेही एक पान असावे.

धागा समाप्त.

#रागमाला #दख्खनचाइतिहास #निजामशाही #चित्रकला